रूथसाठी नेलेली शेवंती

शनिवारी माझ्या बायकोचा, रूथचा वाढदिवस होता. तिला जाऊन आता चार वर्षं होतील, पण वाढदिवसाला पिवळी शेवंती न्यायची हा माझा नेम... पिंपरीच्या मंडईतून मोठी जुडी घेतली, देठांना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि रिक्षा केली.

तळवड्याहून महाळुंगेकडे जाताना आडबाजूला आमच्या चर्चच्या मंडळीची छोटीशी दफनभूमी आहे. नोकरीला लागलो तेव्हा याच रस्त्यानं सायकलवर फर्स्ट शिफ्टला जायचो. दोन्हीकडे ज्वारी, कणसांवर पाखरं, आणि मी शाळेतल्या कविता चालीत, मोठ्यानं म्हणत पॅडल मारायचो... ऐकायला कोणी नसायचं, तेच बरं होतं.

आता? धूळ, हॉर्न आणि ट्रेलर! रिक्षावाल्यानं बरंच अलीकडे उतरवलं. उन्हात चालत पोचलो आणि बघतो तर काय... दफनभूमीच्या फाटकाला खेटून भला मोठा ट्रेलर उभा. फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे बोटभरही हलेना.

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसांच्या दारातही पार्किंग? ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन आली होती, तेव्हाही असाच एक आडवा उभा होता. अर्ज केले, फोन केले... कोणाला काय पडलंय!

केबिनमध्ये ड्रायव्हर पाय वर करून झोपलेला. हाका मारल्या, उठेना. मग हातात जे होतं त्यानंच दरवाजा बडवायला लागलो. रूथ म्हणायची, तुम्ही चिडलात की आधी तुमचं इंग्रजी सुरू होतं... तसंच झालं. "हू गेव्ह यू परमिशन?" म्हणून मी भर रस्त्यात ओरडत होतो. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस!

तो खडबडून उठला, खिडकीतून डोकावला. तिशीतला असेल, बोलण्यावरून लातूरकडचा.

"काय झालं काका? कामून बडवायलात?"

"गाडी काढ! माझी बायको आहे आत!"

तो घाबरलाच. मग त्याला फाटकावरचा क्रूस दिसला आणि आवाज खाली आला. "काका, कंपनीच्या गेटला नंबर लावलाय. आतच घेईनात. इथून हललो की मागचा घुसतो बघा, मग मी रांगेत शेवटी. थोडं थांबा की, रांग सरकंलच."

मी थांबलो नाही. दर रविवारी सौम्यतेवरचा उपदेश ऐकताना मान डोलावणारा मी, त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं मुकाट्यानं ट्रेलर रांगेतून बाहेर काढला आणि पुढच्या चौकातून वळवायला निघून गेला.

जिंकलो! ताठ मानेनं आत गेलो, कबरीवर ठेवायला जुडी पुढे केली... आणि तेव्हा पाहिलं. नुसते देठ. एकदोन फुलं मोडून लोंबत होती, बाकी सगळी शेवंती बाहेर डांबरावर सांडली होती.

तेच देठ ठेवले. दुसरं काय ठेवणार?

मग नेहमीसारखी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. क्षमेच्या ओळीपाशी आलो, 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर', आणि तिथेच अडलो... चौथीतल्या कवितेची कडवी मला आजही धडाधड येतात. ही प्रार्थना तर आईच्या मांडीवर शिकलेली. शब्द आठवत होते हो, पण तोंडातून निघेनात.

फाटकापाशी आलो तर बाहेर त्याच जागी दुसरा ट्रेलर! पुन्हा डोकं तापलं. पण आता बडवायला हातात काही नव्हतं.

फाटक उघडंच ठेवलं होतं म्हणून बरं, अंग चोरून ट्रेलरच्या कडेच्या फटीतून निघालो आणि रांगेच्या कडेकडेनं चालत सुटलो. बरंच चालावं लागलं. तो खरंच अगदी शेवटी होता, स्टिअरिंगवर हात टेकून बसलेला.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"आता चुकलं म्हणून नंबर माघारी येतोय का, काका?"

बरोबर होतं त्याचं. उत्तर जिभेवर आलं होतं, ते गिळलं... मला फार जड गेलं ते.

त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. मग म्हणाला, "भेटल्या का काकू?"

"भेटली. पण फुलं तुझ्या दरवाजावरच संपली."

तेव्हा कुठे तो हसला. "पुढच्या टायमाला माझ्यासाठी दगड आणा काका. फुलं काकूला न्या."

रस्ता तसाच आहे. माझा रागही आहे, आणि सोमवारी पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहे. पण जिथे अर्ज द्यायचा, तिथला राग मी त्याच रस्त्यावर अडकलेल्या माणसावर काढला. इतक्या वर्षांच्या उपासनेनंतर एवढंसं शिकायला ट्रेलर आडवा यावा लागला... त्याबद्दलही प्रभूचे आभारच.

परत येताना त्या हॉर्नच्या गोंगाटात अडलेली ओळ म्हटली. जुन्या सवयीनं, मोठ्यानं... या वेळी ऐकायला कोणी नव्हतं, असं मात्र म्हणवत नाही.