मार्करनं जिंकायचं नसतं

नाशिक रोडच्या आमच्या जिमखान्यात माझा फोरहँड प्रसिद्ध होता. तीस वर्षं मी पॉलिटेक्निकात गणित शिकवलं, त्याबद्दल कुणी कधी शाबासकी दिली नाही. पण "देवरे सरांचा फोरहँड म्हणजे..." एवढं म्हणून लोक पुढचं हातवारे करून दाखवायचे. मलाही ते खरं वाटायचं. त्या फोरहँडमागे भिमाजी पगारे नावाचा माणूस होता, हे कळायला मला साठी गाठावी लागली. शिकलेला माणूस शहाणा असतोच असं नाही, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

भिमाजी आमचा मार्कर. क्लबातलं टेनिस ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मेंबरला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस म्हणजे मार्कर. तो मेंबरपेक्षा चांगला खेळतो आणि ते त्यानं कधी दिसू द्यायचं नसतं. बॉल मेंबरच्या फोरहँडवर टाकायचा, कमरेएवढा उडेल असा, आणि तोही एका पावलाच्या आत. मेंबर दमला की आपण होऊन दोन बॉल नेटमध्ये घालायचे. शेवटचा पॉइंट मेंबरचा. खेळ संपला की मेंबर टॉवेल घेऊन खुर्चीत बसतो आणि दोन्ही बाजूंचे बॉल मार्कर गोळा करतो. हे कुठे लिहिलेलं नाही. भिमाजीला ते वडिलांनी एका वाक्यात शिकवलं होतं, मार्करनं जिंकायचं नसतं.

वडील त्याच कोर्टाचे माळी होते. आमचं कोर्ट शेणमातीचं. पहाटे पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, तेव्हा कुठे साडेसहाला आम्ही पांढरे कपडे घालून यायचो. भिमाजी टेनिस शिकला ते पंपाच्या खोलीच्या भिंतीवर. एका मेंबरनं रागाच्या भरात आपटून टाकून दिलेली रॅकेट होती, तिला त्यानं सुतळी बांधली होती. एकोणिसाव्या वर्षी तो नोकरीला लागला. ऑर्डरवर काम लिहिलं होतं 'कोर्टाची देखभाल'. पाणी प्यायचा त्याचा स्टीलचा ग्लास रोलरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. तो तिथेच का, हे कुणी विचारलं नाही, म्हणून कुणाला उत्तरही द्यावं लागलं नाही.

दर जानेवारीत आमची खुली स्पर्धा होते. मनमाडचे रेल्वेवाले येतात, दिंडोरीचे बागायतदार येतात, ज्यांना सर्व्हिस धड टाकता येत नाही तेही येतात. फक्त एक नियम होता, क्लबच्या नोकरांना भाग घेता येणार नाही. भिमाजी रेघा ओढून जाळीबाहेर उभा राहायचा आणि ज्यांना तो झोपेतही हरवू शकला असता त्यांच्या मॅच बघायचा.

रोलरच्या खोलीच्या दाराला आतून एक जुनं कात्रण चिकटवलेलं होतं. चुना कालवताना खाली पसरायला रद्दी यायची, त्यात ते त्याला १९९३ साली सापडलं. आर्थर ॲश वारल्याची बातमी. अमेरिकेतला काळा खेळाडू. बाप सार्वजनिक मैदानाचा रखवालदार. गावातल्या गोऱ्यांच्या कोर्टांवर त्याला मज्जाव होता, तरी पुढे विम्बल्डन जिंकला आणि वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करताना अटकही करवून घेतली. रखवालदार बापाच्या ओळीखाली भिमाजीनं पेनानं रेघ मारली होती.

"सर, याचा बाप आपल्या बापावानीच," तो मला एकदा म्हणाला होता. "पण यानं पयला अर्ज कुनाकडं केला आसंल?"

मी हसलो होतो. त्याला मात्र खरंच माहिती हवी होती. १९९३ पासूनच दर नोव्हेंबरात तो सेक्रेटरीकडे अर्ज द्यायचा. एक पान, सुवाच्य अक्षर, 'स्पर्धेत खेळण्याची परवानगी मिळणेबाबत'. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलायचा नाही. सही, तारीख, शिक्का. शिक्का मिळेपर्यंत दारात उभा. उत्तर दरवर्षी एकच, 'नियमानुसार अर्ज अमान्य'. त्यातल्या शेवटच्या बारा उत्तरांवर सही माझी आहे. कमिटीत पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मी फक्त साल बदलायचो. याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

२०२२ साली तिसावा अर्ज अमान्य झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॅकेट घेऊन उभा राहिलो, तर भिमाजी रेघा ओढून, हात धुऊन बाकावर बसलेला.

"चल की," मी म्हणालो.

त्यानं खिशातून नोकरीच्या ऑर्डरची झेरॉक्स काढली. "सर, यात देखभाल लिवलीय. खेळनं लिवलेलं नाय. देखभाल मी आजून चांगली करीन."

आणि केली. कोर्ट इतकं छान कधीच नव्हतं. फक्त त्यावर खेळायला कुणी उरलं नाही. म्हणजे आम्ही होतो, एकमेकांशी खेळत. पण कुणाचाही बॉल कमरेएवढा येईना. दोन फटक्यांच्या वर रॅली जाईना. डॉक्टरांचा बॉल पंपावर, वकिलांचा चिकूच्या झाडात. बॉल आणता आणता आमच्या नाकी नऊ आले. आठवडाभरात सगळ्यांचं पितळ उघडं पडलं, आणि सगळ्यात जास्त माझं. माझ्याकडे येणारा बॉल कधी डावीकडे, कधी डोक्यावर, आणि माझा तो प्रसिद्ध फोरहँड कुठे दिसेचना. मी दुकानदाराला सांगून रॅकेटची तार बदलून घेतली.

दहाव्या दिवशी मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. "भिमाजी, एका मॅचसाठी एवढं ताणायचं का रे?"

"माझा आजा काळारामाच्या दाराशी सत्याग्रहात हुता," तो म्हणाला. "पाच वर्सं चाललं ते. घरी रामाचं नाव बी घेत नव्हता म्हातारा. दार उघडतंय का नाय, यवढंच बघायचं हुतं त्याला."

तेविसाव्या दिवशी कमिटीनं ठराव केला, 'प्रायोगिक तत्त्वावर एक वर्षासाठी परवानगी'. सेक्रेटरी खंडेराव अण्णा दिंडोरीचे मोठे द्राक्ष बागायतदार, मनानं वाईट नाहीत. ते म्हणाले, "एकदा खेळू द्या, हौस फिटंल."

पंचेचाळीस वर्षांवरच्या गटात भिमाजीनं तीन मॅच सहज काढल्या. फायनल माझ्याशी. एक सेट त्याचा, एक माझा. तिसऱ्यात तो पाच-तीननं पुढे आणि मॅच पॉइंट. मी धापा टाकत उजवीकडे लांब ओढला गेलेलो. माझा परतीचा बॉल मऊ, नेटजवळ, वाढून ठेवल्यासारखा. डावीकडे अख्खं कोर्ट रिकामं. तिथे नुसता ढकलला असता तरी मॅच त्याची होती. जाळीबाहेर त्याची मुलगी पिंकी उठून उभीसुद्धा राहिली होती.

त्यानं तो बॉल माझ्या फोरहँडवर टाकला. कमरेएवढा, एका पावलाच्या आत, रोज सकाळी टाकायचा तसा.

मी तो मारला. माझाही हात सवयीनंच फिरला. त्यानंतर त्याचा खेळ विस्कटला आणि मी सात-पाचनं जिंकलो. टाळ्या झाल्या. खंडेराव अण्णांनी कप देताना माइकवर सांगितलं, "मार्करनं सरांचा मान राखला. याला म्हणतात संस्कार!" सगळे हसले. भिमाजी कोर्टावर बॉल गोळा करत होता.

नंतर मी त्याला गाठायला रोलरच्या खोलीकडे गेलो. काहीतरी गोड बोलावं म्हणून गेलो होतो. "जाऊ दे रे, मला माहितीय तू मुद्दाम..."

"मुद्दाम?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की मी दारातच थांबलो. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. "सर, तीस अर्ज मी मुद्दाम हरायला दिले का? मी नाय सोडली मॅच. या हातानं सोडली." त्यानं उजवा हात माझ्यासमोर धरला. "याला दुसरं कायी येतच नाय. तुमीच शिकवलंय याला."

मग तो खाली बसला आणि रडला. मी कप हातात घेऊन तसाच उभा होतो, इतका मूर्ख मी आयुष्यात दिसलो नसेन.

पुढच्या नोव्हेंबरात अर्ज कमिटीपुढे आला. अण्णा म्हणाले, प्रयोग झाला, हौस फिटली, शिवाय त्यालाच जिंकायचं नाही. मी म्हणालो, "अण्णा, तो कप मी जिंकलेला नाही. तो मला वाढला गेलाय, रोजच्या बॉलसारखा. त्यानं मान राखला नाही, आपण त्याचा हात बिघडवलाय." मतदान झालं. त्याच्या बाजूनं पाच, विरोधात चार. पाचवं मत माझं. बारा वर्षं उशिरा दिलं, यात कसली फुशारकी.

त्या वर्षभरात काय चाललं होतं ते मला पिंकीनं नंतर सांगितलं. ती कॉलेजच्या संघात खेळते, बापानंच तयार केलेली. आम्ही यायच्या आधी रोज तासभर ती बापाला बॉल टाकायची. समोर, मेंबर उभा राहतो त्या फोरहँडच्या जागी, एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. बॉल खुर्चीला लागला की भिमाजीनं कोर्टावर रोलरची एक फेरी जास्त मारायची, हा त्याचा स्वतःचा नियम. पहिल्या महिन्यात खुर्चीचा एक पाय मोडला. "खुर्चीला आम्ही नाव ठेवलं होतं," पिंकी म्हणाली आणि हसायला लागली. नाव विचारायची गरज नव्हती. दिवाळीपर्यंत रोलरच्या फेऱ्या कमी कमी होत बंद झाल्या.

जानेवारीत फायनलला पुन्हा आम्ही दोघंच. मी पूर्ण ताकदीनं खेळलो, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर काहींनी 'सरांनी सोडली' असंही म्हणून पाहिलं. सोडायला माझ्याकडे काही नव्हतंच. एकही बॉल कमरेएवढा आला नाही. फोरहँडवर तर येतच नव्हता. मी डावीकडे, बॅकहँडला, पळत होतो, पोचत नव्हतो. समोरच्या माणसाशी मी चोवीस वर्षं खेळलो होतो आणि त्याचा खेळ पहिल्यांदा पाहत होतो. खरं सांगतो, हरता हरता मला त्याचं कौतुक वाटत होतं. सहा-एक, पाच-दोन. शेवटच्या गेमला त्याची सर्व्हिस, चार बॉल त्याच्याकडे. त्यानं चारही पॉइंट ओळीनं घेतले.

शेवटचा बॉल गेला तसा पिंकीनं जाळीबाहेर आरोळी ठोकली. भिमाजी सवयीनं वाकला, पायाशी बॉल शोधायला. अर्ध्यावर थांबला, सरळ झाला आणि नेटपाशी येऊन त्यानं हात पुढे केला. टेनिसमध्ये मॅच झाली की खेळाडू हात मिळवतात. चोवीस वर्षांत आम्ही एकदाही मिळवला नव्हता. रोलरच्या दांड्यानं त्याचा तळवा दगडासारखा झालेला होता.

"सर," तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या बाजूचे बॉल तुमी गोळा करा."

तोवर ते उचलावे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वळलो. चारही बॉल माझ्याच बाजूला होते, चारही बॅकहँडच्या कोपऱ्यात. एकेक करत मी ते वेचले.