मृगाचा रंग पुन्हा तपासणाऱ्या शैलाक्का

शैलजा अनंत बेनाडीकर, म्हणजे आपल्या सर्वांच्या शैलाक्का, यांची आणि माझी पहिली भेट कोजागरीला झाली. नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला येऊन मला काही महिनेच झाले होते. एचएसआर लेआउटमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये मराठी ऐकू यायचे ते फक्त फोनवर. राजाजीनगरात आपल्या मराठी मंडळाची कोजागरी असते असे कळले, म्हणून एकटीच गेले. गच्चीवर मसाला दुधाचे पातेले, मुलांचा गोंधळ आणि ज्याच्या त्याच्या तोंडी चंद्राचे कौतुक. कठड्याशी उभ्या असलेल्या एक वयस्क बाई मात्र त्या चंद्राकडे न बोलावलेल्या पाहुण्याकडे पाहावे तशा पाहत होत्या. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हटले, "किती छान दिसतोय ना चंद्र?"

"दिसू दे की," त्या म्हणाल्या, "पण आता चार-सहा दिवस हा मला काम करू देणार नाही बघ."

चंद्राच्या उजेडात अंधूक तारे बुडून जातात, त्यामुळे आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना पौर्णिमेच्या आसपास सक्तीची सुट्टी असते, हे त्यांनी माझ्या हातात दुधाचा पेला देत समजावले. कोजागरीला चंद्राविरुद्ध तक्रार करणारी व्यक्ती मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले आणि त्यानंतर जातच राहिले.

अक्कांचे बालपण निपाणीत गेले आणि अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावात झाले. बेंगळुरूला सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात भिंगे तपासण्याच्या विभागात त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. भिंगावर सूक्ष्म ओरखडा असेल, काचेत बुडबुडा असेल, तर तो तुकडा अक्कांच्या टेबलावरून पुढे जात नसे. निवृत्तीनंतर इतरांनी काशीयात्रेचे बेत सुचवले, तेव्हा अक्कांनी एक मध्यम आकाराची दुर्बीण घेतली. त्यांना कारण विचारले, तर म्हणाल्या, "जन्मभर भिंगाकडं बघितलं. भिंगातून बघायचं राहूनच गेलं होतं."

या उद्योगात त्यांना पहिल्यापासून साथ लाभली ती अनंतरावांची, म्हणजे अण्णांची. बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांना ताऱ्यांत फारसा रस नाही आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. पण चित्रदुर्गाच्या अलीकडे त्यांच्या एका स्नेह्यांचे शेत आहे, तिथे आकाश काळेभोर असते, आणि तिथवर गाडी चालवणे, थर्मासमध्ये फिल्टर कॉफी भरून घेणे व मागच्या सीटवर निवांत झोपणे ही आपली कामे असल्याचे अण्णा अभिमानाने सांगतात. "बायको निवृत्त झाली, आता घरी राहील असं वाटलं होतं. आता मीही घरी राहत नाही," हे त्यांचे लाडके वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

आकाशाचा फोटो म्हणजे कॅमेरा वर धरून बटण दाबणे नव्हे, हे मला अक्कांनी शिकवले. आकाशाच्या एकाच तुकड्याची पुष्कळ छायाचित्रे घ्यायची, ती संगणकावर एकावर एक रचायची आणि त्यातून अंधूक प्रकाश हळूहळू वर आणायचा. शेवटी रंग ठरवायचे. यातली पहिली कामे चिकाटीची, तर शेवटचे विवेकाचे, कारण तिथे माणसाला वाटेल तो रंग चढवता येतो. अक्कांच्या चित्रांत एक खोल, थंड निळाई असे. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा तो प्रचंड ढग, त्यांच्या चित्रात जांभळा-निळा दिसे. हा त्यांचा खास बाज आहे असे आम्हा सर्वांना वाटे.

त्यांच्या गोड आग्रहाचा एक अनुभव त्यांच्या गल्लीने घेतलेला आहे. समोरच्या घरातल्या शिवण्णांनी फाटकावर एक भगभगीत दिवा बसवला आणि अक्कांच्या गच्चीवरचे उरलेसुरले आकाशही गेले. दुसरे कुणी असते तर भांडण झाले असते. अक्का चकल्यांचा डबा घेऊन गेल्या. "शिवण्णा, स्वल्प लाइट ऑफ माडतीरा?" जरा दिवा बंद कराल का, एवढेच म्हणाल्या आणि सगळ्या कुटुंबाला गच्चीवर येण्याचे आमंत्रण देऊन आल्या. त्या संध्याकाळी शिवण्णांनी दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली. त्यांनी दिव्याला खाली झुकलेले झाकण बसवून घेतले, आणि आता आकाश स्वच्छ असले की तेच फोन करतात: "अक्का, इवत्तु मोडा इल्ला!" म्हणजे, आज ढग नाहीत!

मला स्वतःला अक्कांनी कसे सांभाळले, तेही इथे सांगायला हवे. माझ्या कंपनीने एका सकाळी बऱ्याच जणांना कामावरून काढले, त्यात मी होते. पुण्याला घरी सांगायचा धीर होत नव्हता. अक्कांना कसे कळले कोण जाणे, त्यांचा फोन आला. "मुक्ता, माझा संगणक फार त्रास देतोय. रोज सकाळी येतीस काय थोडे दिवस?" मी रोज मेट्रोने राजाजीनगरला जाऊ लागले. दुपारी अण्णांच्या हातची आमटी, मग फोटोंचे काम आणि मधूनच "आज कुठं अर्ज केलास?" असा प्रश्न. नवी नोकरी लागल्यावर मी म्हटले, "आता तुमच्या संगणकाचं कसं करायचं?" त्यावर अण्णा मोठ्याने हसले. "अगं, तो संगणक हिनं स्वतः भाग आणून जोडलाय. त्याला काय होणार?" अक्कांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले आणि मला जेवायला वाढले.

आता ज्या प्रसंगामुळे अक्का मला खऱ्या अर्थाने उमगल्या, त्याकडे येते. हौशी आकाशछायाचित्रकारांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचे मृगातल्या तेजोमेघाचे चित्र अंतिम फेरीसाठी निवडले गेले. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या आपल्या अक्का तरुणांच्या बरोबरीने उभ्या राहणार, याचा मंडळात केवढा आनंद झाला! त्याच सुमारास जे. पी. नगरमधल्या एका रुग्णालयात त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी त्यांचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

मी पोहोचले तेव्हा त्या भिंतीसमोर उभ्या राहून एकदा एक डोळा, एकदा दुसरा डोळा हाताने झाकत होत्या. "ह्या डोळ्याला भिंत पांढरी दिसती. त्या डोळ्याला त्याच भिंतीवर चहा सांडल्यासारखा वाटतोय." मग त्यांनी मला संगणकाकडे नेले. पडद्यावर मृगाचे ते चित्र होते. "आणि हे बघ. केवढं निळं आहे हे! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मोतीबिंदूने डोळ्यातले नैसर्गिक भिंग वर्षानुवर्षे हळूहळू पिवळे पडत गेले होते. त्या पिवळ्या काचेतून चित्र ठीक दिसावे म्हणून अक्का नकळत निळा रंग वाढवत गेल्या होत्या. ज्याला आम्ही त्यांचा बाज समजत होतो, तो त्यांचा आजार होता.

"अक्का, पण परीक्षकांना ते आवडलंय," मी म्हटले. "आणि तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"मुद्दाम केलं नाही, खरं आहे. पण आता कळलंय ना? कळल्यावर तसंच ठेवलं, तर ते मुद्दामच झालं."

अण्णा दारात उभे होते. ते खुर्ची ओढून अक्कांच्या शेजारी बसले. अक्कांनी आयोजकांना ईमेल लिहून सगळे कारण कळवले आणि दुरुस्त चित्र पाठवण्याची परवानगी मागितली. उत्तर सौजन्याचे होते, पण मुदत उलटून गेली होती. चित्र बदलता येणार नव्हते. हवे तर आहे तेच स्पर्धेत राहू शकत होते. अक्कांनी चित्र मागे घेतले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, असे अण्णांनी मला नंतर सांगितले. खंबीर माणसालाही वाईट वाटते. अक्कांनाही फार वाटले होते.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पावसाळा लागला. ढगांमुळे नवे फोटो काढणे शक्यच नव्हते. अक्कांनी जुन्या, मूळ छायाचित्रांना पुन्हा हात घातला. आता रंग डोळ्यांच्या अंदाजाने ठरवायचा नाही, असा त्यांनी नियम केला. सूर्यासारखा एखादा तारा चित्रात शोधायचा, तो पांढरा धरायचा आणि बाकीचे रंग त्यावरून मोजून लावायचे. "कारखान्यात मी कुणाच्या नुसत्या नजरेवर एक भिंग पास केलं नसतं," त्या म्हणत, "आणि इथं स्वतःच्या नजरेवर सगळं आकाश पास करत बसले होते." रविवारमागून रविवार आम्ही शेजारी बसून काम केले. मृगातला ढग हळूहळू जांभळ्यातून बाहेर आला आणि गुलाबी, तांबूस झाला. त्याच्या कडांवर पूर्वी कधी न दिसलेले धुळीचे करडे पदर दिसू लागले. अक्का त्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "आत्ता कुठं भेट झाली ह्याची," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी तेच चित्र, नव्या रंगांत, त्याच स्पर्धेला पाठवले. निकाल आला तेव्हा अक्का मंडळाच्या सभागृहात दिवाळीच्या फराळाची तयारी करत होत्या, हात बेसनाने भरलेले. मी धावत जाऊन सांगितले, "अक्का, पहिला क्रमांक!" सगळीकडे टाळ्या सुरू झाल्या. अक्कांनी हात वर करून सर्वांना थांबवले.

"कुठलं चित्र? नवंच ना? नीट बघून सांग."

मी फोनवरचे चित्र त्यांच्यासमोर धरले. तांबूस मृग पाहिल्यावरच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी.

ही हकीकत ऐकून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रे मागून घेतली. आज ती रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात शेजारी शेजारी लावलेली आहेत, खाली कन्नडमध्ये आणि इंग्रजीत फक्त 'आधी' आणि 'नंतर'. आपले चुकलेले चित्र भर लोकांत लावू द्यायला अक्का एका शब्दावर तयार झाल्या. गेल्या महिन्यात त्यांना तपासणीसाठी घेऊन गेले होते. तिथे एक वृद्ध गृहस्थ मुलीशी वाद घालत होते, शस्त्रक्रिया नको म्हणून. अक्का उठल्या आणि त्यांना चित्रांपाशी घेऊन गेल्या. दोघांचे बोलणे कन्नडमध्ये झाले.

"कॅमेरा बदललात काय?" गृहस्थांनी विचारले.

"कॅमेरा तोच. फोटोही तेच. फक्त डोळा स्वच्छ झाला."

ते बराच वेळ एकदा या चित्राकडे, एकदा त्या चित्राकडे पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "दुखतं का हो?"

"स्वल्प," अक्का म्हणाल्या. "पण मग नातवंडांचे चेहरे कसे दिसतात, ते येऊन मला सांगा."

गृहस्थ मुलीकडे वळले. "सरी," म्हणजे ठीक आहे, असे ते म्हणाले. "आत जाऊन सांग, मी तयार आहे."

अक्का परत येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि पर्समधून चष्मा काढून पुसू लागल्या.

अमृतमहोत्सवी वर्षात पदार्पण करणाऱ्या शैलाक्कांना अण्णांची सोबत अशीच अखंड लाभो. त्यांचे गुडघे शेतातल्या बांधावर आणि गच्चीच्या जिन्यावर कुरकुर न करोत, हात स्थिर राहोत आणि दृष्टी आजच्यासारखीच निर्मळ राहो. शंभरी गाठतानाही त्यांच्या यादीत एखादा तेजोमेघ टिपायचा शिल्लक असावा, आणि तो त्यांनी टिपावा, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.