कीबोर्ड होऊन आलेला पेनड्राइव्ह

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की ती घटना मला अजूनही आठवते. तिच्यात ना खून होता, ना दरोडा. पण एका मुलीचे नाव गुन्ह्याच्या कागदावर माझ्या हातून चढता चढता राहिले, म्हणून ती विसरता येत नाही.

तेव्हा मी सातारा आणि सांगलीच्या सीमेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी जवळच्या साखर कारखान्याच्या गट कार्यालयातून दोघे आले. एक वयस्क लिपिक, दुसरा तिथले संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ. लिपिकाने रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"पाण्याच्या टाकीजवळ पडला हुता. म्हटलं कुणाचा हाय बगू, फोटोबिटो असला तर वळखून दिऊन टाकू. जोडला आन मशीन आपणहून टाइप कराय लागलं, साहेब! मी हात वर करून बसलोय, तरी अक्षरं पळत्यात!"

तंत्रज्ञाने समजावले, "साहेब, हा पेनड्राइव्ह नाही. छोटा, स्वस्तातला बोर्ड असतो. संगणकाला वाटतं कीबोर्ड जोडला. मग आत भरून ठेवलेल्या कळा हा स्वतःच दाबतो." मग आवाज बारीक करून म्हणाला, "सांगलीत कॉलेजच्या प्रदर्शनात एका पोरीनं असलंच मांडलं होतं. तुमच्याच हद्दीतली आहे. तिच्या वडिलांचा ऊस अजून उभा आहे."

त्या कार्यालयात प्रत्येक शेतकऱ्याच्या ऊस लागणीची तारीख नोंदलेली असे आणि त्या तारखेवरून तोडीची पाळी लागे. तारीख मागे नेली की पाळी लवकर येणार. तुरे आलेला ऊस रानात वाळत असताना असा मोह कोणालाही होईल. मला ते पटले. खरे सांगायचे तर फार लवकर पटले.

फिर्याद लिहिताना मी त्या मुलीचे नाव संशयित म्हणून घालायला सांगितले. लिहून घेणाऱ्या हवालदारबाईंनी पेन थांबवले.

"आवं साहेब, आधी पोरीला इचारूया तरी. नाव चढलं की पुसत न्हाई."

मला राग आला. पण माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. अशा घरात एकाच्या नावावर किती जणांचा जीव टांगलेला असतो, हे मला कोणी सांगायला नको होते. मी संशयित 'अज्ञात' असे लिहायला लावले.

दुपारी मुलगी वडिलांबरोबर आली. वडील फौजेतून निवृत्त झालेले, ताठ बसलेले. चौकशीला हवालदारबाई हजर होत्या. मी पेनड्राइव्ह पुढे सरकवला.

"हे तू बनवलंस?"

तिने तो उलटसुलट करून पाहिला. "असलंच बनवलं हुतं सर. पर ह्यो माजा न्हाई."

"कशाला बनवलं होतं?"

"लोकांनी सापडलेलं कायबी जोडू नये, ते दाखवाय."

वडील तिच्याकडे न बघता म्हणाले, "खरं हाय तेवढं सांग. आन सगळं सांग."

नाही म्हणून तिला सुटता आले असते. अडकायची वेळ असताना जो पहिल्याच प्रश्नाला स्वतःच्या विरुद्ध जाणारे खरे बोलतो, त्याच्याकडे मी नंतर नेहमीच दोनदा पाहिले. मग तिने भीतभीत विचारले, "सर, त्यानं काय टाइप केलं, ते बगाय मिळंल?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

लिपिकाला पुन्हा बोलावले. त्याच्या मोबाईलमध्ये पडद्याचा फोटो होता. "एरर आला की फोटो काढून तंत्रज्ञाला धाडायचा, आशी पद्दत हाय आमची. त्यो म्हनला, लगीच डिलीट करा. पर डिलीट कराय शिकीवलंय कुनी मला?"

फोटोत देवनागरी अक्षरांचा नुसता काला दिसत होता. मुलीने विचारले, "काका, मशीन मराठीत ठेवता का?"

"कायम! इंग्रजीत गेलं की पुन्हा मराठीत येत न्हाई माज्याकडनं."

तिचा चेहरा उजळला. यंत्राने कळा इंग्रजीच्या हिशेबाने दाबल्या होत्या, पण संगणक मराठीत असल्यामुळे आज्ञा न होता नुसता काला उमटला आणि डाव फसला. ती ठाण्याच्या संगणकापुढे बसली. कोणते मराठी अक्षर कोणत्या कळेवर आहे ते बघत एकेक इंग्रजी अक्षर कागदावर उतरवू लागली. दोन तास लागले. तयार झालेल्या ओळीत कार्यालयातल्याच दुसऱ्या एका संगणकाचे नाव निघाले. तिथून लागणीच्या तारखा बदलणारी फाईल आणायची होती. तो संगणक तंत्रज्ञाचा होता.

"प्रदर्शनात लय इचारत हुता मला," ती म्हणाली. "मला बरं वाटलं. सगळं सांगितलं मी."

तंत्रज्ञाला पडद्याचा तो फोटो आणि मुलीने लिहिलेला कागद दाखवला, तेव्हा कबूल व्हायला त्याने फार वेळ घेतला नाही. मेव्हण्याचा ऊस लवकर तोडून घ्यायचा होता आणि बदल लिपिकाच्या नावावर पडायला हवा होता, म्हणून टाकीजवळ त्याच्या वाटेत ते यंत्र त्यानेच टाकले होते. यंत्र त्याने आधी स्वतःच्या संगणकावर चालवून पाहिले होते. लिपिकाचा संगणक कायम मराठीत असतो, हे त्याच्या ध्यानात राहिले नाही. डाव फसल्यावर त्याने मुलीकडे बोट दाखवले.

या तपासाने मला शिकवले ते साधे आहे. सापडलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी, ही आमच्या लोकांची रीत. फसवणाऱ्याने नेमकी तीच हेरली. त्यात लिपिकाला मूर्ख म्हणायला मी तयार नाही. मूर्खपणा झालाच असेल तर माझा होता. ज्या वस्तूतले मला काही कळत नव्हते, तिच्याबद्दल जो पहिल्यांदा सफाईने बोलला त्याला मी जाणकार मानले. जिला खरोखर कळत होते, तिला मी आरोपी करायला निघालो होतो.

पुढच्या वर्षी नोकरीसाठी त्या मुलीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याकडे आला. गुन्ह्यांच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिले आणि सही केली. ती दाखला घेऊन "थँक्यू सर" म्हणाली आणि गेली. आभार खरे तर मी मानायला हवे होते, तिचे आणि पेन थांबवणाऱ्या हवालदारबाईंचेही. खुर्चीवर असताना ते जमले नाही. आज मानतो.