आंबा अडला, केळी सुटली

"आपल्या दाराची कडी आपल्याच हातात हवी."

हे वाक्य विष्णूदा इतक्या वेळा म्हणायचा की त्याच्या बायकोने ऐकणंच सोडून दिलं होतं. गिऱ्हाइकाने भेंडी चिवडली तरी कडी, बस उशिरा आली तरी कडी. लंडनला वेम्बलीच्या ईलिंग रोडवर त्याचं भाजी-फळांचं दुकान. देवगडकडच्या एकाच वाडीतले आम्ही. तो आधी आला, मी मागून, आणि त्याची व्हॅन मी चालवायचो. तेव्हा हे सांगतोय ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

विष्णूदा वर्षभर भाजीवाला असायचा आणि वैशाखात राजा व्हायचा. विमानाने हापूसच्या पेट्या यायच्या, दुकानाला वास लागायचा, आणि मग एका शनिवारी पहाटे आम्ही व्हॅन भरून डोव्हरला बोटीत चढायचो. पलीकडे कॅले, तिथून बेल्जियम. गेंट, अँटवर्प, ब्रसेल्स, जिथे जिथे मराठी माणसं नोकरीला गेली होती तिथे तिथे आमचे आंबे. सरहद्दीवरचा माणूस पासपोर्टाकडे बघायचा तो जांभई देत. त्यापुढे फ्रान्सची सपाट हिरवी शेतं लागायची. विष्णूदा काच खाली करून बसायचा, आणि मागच्या पेट्यांचा, गवताचा, पिकत्या फळाचा वास वाऱ्यावर सांडत आम्ही जायचो. त्या वाटेवर तो कधी कडीचं बोलल्याचं मला आठवत नाही.

"आंबेवाले काका आले!" म्हणत पोरं जिन्यावरून धावत यायची. विष्णूदा एकेक फळ हुंगून हातात द्यायचा. "हा आज. हा परवा. आणि हा, पोर रडलं तरी सोमवारच्या आधी कापायचा नाही." अशाच एका फेरीत त्याची लेक ईशिता हौसेने बरोबर आली आणि गेंटच्या आर्यनला पेटी देता देता स्वतःच तिथे राहायचं ठरवून आली. जावईसुद्धा हापूसनेच मिळवून दिला.

मग माशी शिंकली. हे मी म्हण म्हणून सांगत नाही. दोन हजार चौदा साली आंब्याच्या पेट्यांत फळमाशी सापडली आणि युरोपीय संघाने हापूसला दार बंद केलं. हापूसबरोबर अळूची पानंही गेली. त्या मोसमात विष्णूदाने दुकानात पाकिस्तानी आंबा ठेवला आणि तोंड असं केलं की गिऱ्हाईक भाव विचारण्याऐवजी "घरी कोण गेलं?" विचारायचं.

पुढच्या वर्षी बंदी उठली. आंबा परत आला, पण विष्णूदाचा राग काही परतला नाही. त्यानंतर ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की निघायचं यावर मतदान आलं. लोक दवाखान्यांवर भांडत होते, मासेमारीवर भांडत होते, आमचा विष्णूदा एका माशीवर भांडत होता.

"आपल्या देशात कुठलं फळ यायचं ते ब्रसेल्सवाले ठरवणार? कडी आपल्या हातात हवी!"

प्रमोदिनी वहिनी, त्याची बायको, दादरची. गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाली, "अहो, कडी न्हाणीघराला असते. तुम्ही घरालाच आतून घालायला निघालात. आणि लेक बाहेर आहे आपली."

"तिचं काय? ती येईल-जाईल. आपणही जाऊ. आपल्याला कोण अडवतंय?"

निघायचं ठरलं. विष्णूदाने दुकानात पेढे वाटले. पेढे तोंडात विरघळायच्या आत पौंड विरघळला, पण विष्णूदाने तो भाग बातम्यांत बघितला नाही. पुढच्या मोसमात हापूसची पेटी महागली, तेव्हा रोजच्या गिऱ्हाईक मीनल वहिनींनी कारण विचारलं.

"स्वातंत्र्याला किंमत असते, वहिनी."

"असं होय? मग भेंडीसुद्धा स्वातंत्र्यसैनिक झाली वाटतं. तीही वाढलीय."

निघतो निघतो म्हणत देशाला खरं निघायला काही वर्षं लागली. निघाला तेव्हा कोरोनाची साथ आली होती, सगळंच बंद. आमची बेल्जियमची फेरी दोन मोसम राहूनच गेली. त्याच काळात ईशिताला मुलगी झाली, तनू. विष्णूदाने नात पाहिली ती फोनच्या काचेतून. तिच्या उष्टावणाची तारीख मे महिन्यातली निघाली, तसा तो दुकानात उभा राहून जाहीर बोलला, "नातीच्या जिभेवर पहिला घास हापूसचा. आणि तो माझ्या हातचा."

ईशिता लंडनची वाढलेली, मराठीही तसंच. तिचा फोन आला. "बाबा, प्लीज, रूल्स सगळी बदलली आहेत. तुम्ही वेबसाइट वाचला का?"

"वेबसाइट त्यांची त्यांनी वाचावी. मी काय चोरी करतोय? नातीला खाऊ आणतोय."

खाऊ म्हणजे व्हॅन काठोकाठ भरून पेट्या. वहिनी आधीच आगगाडीने गेंटला गेली होती. तिने तिथून बजावलं, "वाटेत उपाशी राहू नका, पित्त होतं. केळी घ्या बरोबर." विष्णूदाने दुकानातला एक घड माझ्या मांडीवर टाकला. "ही घे. केळं काय, आजाऱ्याचं जेवण. त्याला फळ कोण म्हणतो?"

डोव्हरला गाड्यांची रांग डोंगरापर्यंत मागे आली होती. संघातून निघाल्यावर मिळालेला नवा निळा पासपोर्ट विष्णूदाने छातीशी धरला होता. फ्रान्सची तपासणी डोव्हरलाच होते; खिडकीतल्या फ्रेंच माणसाला आता जांभई येत नव्हती. त्याने पान न् पान उलटलं, कुठे राहणार, किती दिवस, परत कधी, सगळं विचारलं, आणि धाडकन शिक्का मारला.

"बघितलंस?" विष्णूदा म्हणाला. "आता नीट विचारतात. आधी ढुंकून बघत नव्हते."

"मान वाढला तुझा," मी म्हटलं.

"गप रे मेल्या."

कॅलेला उतरल्यावर आम्हाला बाजूच्या रांगेत घेतलं. तिथला अधिकारी तरुण होता, केस नीट विंचरलेले, बोलायला अदबशीर. त्याने मागचं दार उघडलं. वास बाहेर आला आणि तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग डोळे उघडून त्याने दाखला मागितला, फळ निरोगी असल्याचा.

"भारतातून लंडनला आलं त्याचा आहे," मी सांगितलं.

"ते लंडनसाठी झालं. इथे येण्यासाठी?"

"पूर्वी लागत नव्हता," विष्णूदा म्हणाला.

"पूर्वी तुम्ही आत होतात, सर." मग समजावल्यासारखा म्हणाला, "फळमाशी असते ना, म्हणून."

माशी!  ज्या माशीच्या रागापायी त्याने देश बाहेर काढायला मत दिलं, ती इथे टेबल मांडून बसली होती.

आंबे नष्ट करा नाहीतर व्हॅन परत न्या, असा पर्याय होता. माणसाला अडकाठी नव्हती. विष्णूदाने एक फळ उचललं, अंगठ्याने देठ दाबून पाहिला. "एकच नेतो. नातीला उष्टावणाचं. उद्या आहे."

मी इंग्रजीतून ते जमेल तसं सांगितलं. अधिकाऱ्याने नाही म्हणून मान हलवली, पण त्यालाही वाईट वाटलं असावं. त्याने व्हॅनमध्ये डोकावून माझ्या सीटवरचा घड दाखवला आणि काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो?" विष्णूदाने विचारलं. ऐकलं होतं त्याने, पण माझ्या तोंडून हवं होतं.

"केळी चालतात म्हणतो. अननस, नारळ, खजूर, हेही चालेल. दाखला लागत नाही."

"केळी?"

"केळी."

 समुद्रावरून वारा येत होता आणि त्यात आमच्याच पेट्यांचा वास होता. त्या सगळ्या आंब्यांना आज कुठेतरी पोचायचं होतं. हातातला हापूस त्याने पेटीत गवतावर परत ठेवला, तान्ह्याला निजवावं तसा. मग पुढे येऊन घड उचलला.

"मऊ असतं," तो म्हणाला. "दात नसले तरी चालतं. शिकरण करता येईल."

"येईल की."

"प्रमोदिनी हसेल."

"हसणारच, दादा."

"हसू दे. केळी तिनेच घ्यायला लावली होती." त्याने कोटाची बटणं लावली. "आर्यनला फोन कर, पलीकडे घ्यायला ये म्हणावं. तू व्हॅन घेऊन लंडनला परत जा. आणि आज कापायचे ते आजच विक."

तो निघाला. निळा पासपोर्ट खिशात, केळ्यांचा घड छातीशी. फाटकाजवळ पोचल्यावर त्याचा हात सवयीने कडी शोधत गेला. कडी नव्हती. फाटक आपणहून सरकलं, त्याला बाहेर घेतलं आणि आपणहून मिटलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी स्टेअरिंगवर हात ठेवून बघत होतो, आणि व्हॅनच्या मागच्या दारापाशी तो फ्रेंच पोरगाही दार लावायचं विसरून बघत होता.