शिडी व प्लॅटफॉर्म : सुस्थितीत

हंबीरराव चौगल्यांना उंचीची भीती वाटते, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गेली एकोणीस वर्षं कारखान्यांच्या धुराच्या चिमण्यांवर चढायचं काम त्यांच्याकडेच होतं. यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. मी तर त्यांची चेष्टाच करायचे.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, नवव्या गल्लीत. खाली बारावीचा क्लास, वर आम्ही. कारखान्यांचं सांडपाणी, धूर, आवाज मोजायचा, सरकारी परवानग्यांचे कागद करायचे, कुणाला पाणी शुद्ध करायचा प्लँट हवा असेल तर त्याचं डिझाइन काढून द्यायचं, असा आमचा धंदा. हंबीरराव मोजून आणायचे आणि मी, अनुजा, त्याचा रिपोर्ट बनवायचे. मालकांना सगळे दादा म्हणतात. दादांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "क्लायंट म्हंजे पावणा. पावण्याच्या घरी जेवायला गेल्यावर कोपऱ्यातली जळमटं मोजायची न्हाईत." अहो, जळमटं मोजायला तर आपल्याला बोलावतात, असं मी म्हणायचे. मनात.

धूर मोजायचा म्हणजे काय, तर चिमणीला अर्ध्या उंचीवर एक भोक ठेवलेलं असतं. तिथं उभं राहायला लोखंडी प्लॅटफॉर्म, आणि तिथवर जायला चिमणीलाच बोल्टनं बसवलेली उभी शिडी. पाच-सहा मजले चढायचं, भोकात नळी घालायची, धूर ओढून घ्यायचा आणि त्यातल्या धुळीचं वजन करायचं. हंबीरराव चढण्याआधी टोपी काढून खिशात ठेवत, शिडीच्या पायाला हात लावून कपाळाला लावत आणि वर पोचेपर्यंत मोठ्यानं पायऱ्या मोजत. खाली आले की अर्धा तास कुणाशी बोलत नसत. घरी गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला त्यांच्या बायको शालूबाई चढायच्या आणि हे खाली शिडी धरून उभे असायचे. "मी धरतो म्हणून ती पडत न्हाय," असं पुन्हा ऐटीत सांगायचे. गारगोटीकडचा माणूस, बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. मग हे काम सोडत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसरं काय येतंय मला?"

आठ वर्षांपूर्वी एका कारखान्यात चढताना शिडीची पायरीच त्यांच्या हातात आली. एका हातावर लोंबकळत राहिले, कसेबसे उतरले आणि तडक ऑफिसात येऊन ती गंजकी पायरी त्यांनी दादांच्या टेबलावर ठेवली. "दादा, रिपोर्टात एक ओळ वाढवा. शिडी कशी हाय ती लिवायची. म्हंजे मालक दुरुस्त तरी करंल." त्या दिवशी दादांनाही जळमटांचा नियम आठवला नाही. तेव्हापासून शेवटच्या पानावर ती ओळ आली. 'शिडी व प्लॅटफॉर्म', आणि पुढं 'सुस्थितीत' किंवा 'दुरुस्ती आवश्यक'. पहिली दोन-तीन वर्षं 'दुरुस्ती आवश्यक' बरेचदा यायचं. मग कमी होत होत ते बंदच झालं. शिड्या सुधारल्या, असं मी धरून चालले.

खोटं कशाला बोलू, मी तसंही धरलं नव्हतं. हंबीररावांचे आकडे वेळेवर येत होते, पण मागच्या वर्षीच्या आकड्यांचे सख्खे भाऊ असावेत असे येत होते. एकाहत्तरचे बहात्तर, अठ्ठावन्नचे सत्तावन्न. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचं मग काय करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी जुना रिपोर्ट उघडायचे, तारीख बदलायचे, आकडे बदलायचे. शेवटच्या पानाला तर हातच लावावा लागत नसे.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला धैर्यशील यांचा फोन आला. हायवेलगतच्या एमआयडीसीत लोखंड वितळवून ओतकाम करणारी एक फौंड्री आहे, आमची चौदा वर्षांची क्लायंट. धैर्यशील तिथले मेंटेनन्स मॅनेजर.

"मॅडम, शेवटच्या रिपोर्टचं शेवटचं पान जरा व्हॉट्सअपला टाका," ते म्हणाले. "दोन नंबरच्या चिमणीला रंग द्यायला माणूस आलाय. शिडी चांगली आहे असा कागद दाखवा, मगच चढतो म्हणत होता. मी आमची प्रत दाखवली, चढला बिचारा. फाइलला लावायला एक हवी होती."

मी पान पाठवलं. हंबीरराव पलीकडच्या टेबलाशी चहा पीत होते. मी हसत म्हटलं, "बघा, तुमच्या ओळीला भाव आला. ती वाचून पेंटर चढला चिमणीवर."

कप ओठापाशी थांबला. "कंच्या चिमणीवर?"

"फौंड्रीच्या. दोन नंबर."

"मी त्या चिमणीवर चढलोच न्हाय," हंबीरराव म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा दिसला. ओठ पांढरे पडले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "वरच्या अंगाला शिडीची एक पट्टी चिमणीपास्नं सुटलीया. बोल्टच न्हाईत तिला. खालनं दिसली मला."

मी धैर्यशीलना फोन लावला. घंटी वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भट्टी चालू असली की तिथं शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथं खिशातला फोन काय ऐकू येणार. फौंड्रीच्या ऑफिसात लावला. तिथल्या मुलीनं "साहेब शॉपवर आहेत, भट्टीपाशी, आले की सांगते" असं पाठ केल्यासारखं सांगितलं. पेंटरला उतरू देऊ नका, असं मी दोनदा म्हटलं. ती "हो हो" म्हणाली आणि फोन ठेवला. हंबीरराव तोवर जिना उतरून गाडीला किक मारत होते.

तीसच्या वर कधी गाडी न चालवणारा माणूस त्या दिवशी हायवेला ट्रकांच्या मधून घुसत होता. मी मागं जीव मुठीत धरून बसले होते. वर गेलेला पेंटर कधीतरी उतरणार होता. जेवायला, पाणी प्यायला, कशालाही. आणि उतरायला वाट एकच होती.

"दिसली होती तर लिहिलं का नाही?" मी त्यांच्या कानाशी ओरडले. "दोन शब्दांचं काम होतं."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं. "लिवलं असतं तर त्यांनी दुरुस्त केली असती."

"मग?"

"मग मला चढायला लागलं असतं की. मोडकी हाय तोवर न चढायला मनाला सबब हुती."

मला इतका संताप आला की तिथंच गाडीवरून उतरावंसं वाटलं. एवढ्यासाठी? पण त्यांनी निदान भीतीपोटी केलं होतं. मी तर नुसत्या आळसापोटी केलं होतं.

फौंड्रीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. रजिस्टरमध्ये नाव, हेल्मेट, आणि बाईंच्या पायात चप्पल आहे, बूट घातल्याशिवाय आत सोडायचं नाही. माणूस आपलं काम चोख करत होता, त्याला काय बोलणार. हंबीरराव एरवी वॉचमनलासुद्धा दोन्ही हात जोडणारे. त्यांनी त्याला बाजूला ढकललं आणि पळत सुटले. मी त्यांच्या मागं.

पेंटर वर प्लॅटफॉर्मवर होता. आमच्याकडं पाठ करून निवांत ब्रश फिरवत होता. त्याच्या कमरेला पट्टा होता, पण पट्ट्याचा हूक त्यानं शिडीलाच अडकवला होता. कठड्यापेक्षा त्याला शिडीच भरवशाची वाटली असणार, कागद बघितला होता ना. म्हणजे शिडी गेली की पट्टा त्याला घेऊनच जाणार. त्याच्या पायाखाली दोन पुरुष अंतरावर शिडी आणि चिमणी यांच्यामध्ये उजेडाची फट दिसत होती. ती दिसायला इंजिनीअर असायची गरज नव्हती, फक्त मान वर करायची गरज होती.

"अरे हंबीरराव, या की," धैर्यशील समोरून आले. "मॅडमपण आल्या? चहा सांगू?"

तेवढ्यात वर पेंटरनं ब्रश डब्यात टाकला आणि एक पाय शिडीवर ठेवला.

"थांब," हंबीरराव ओरडले. "उतरू नगंस."

"का ओ?" वरून आवाज आला.

"उगाच घाबरवू नका त्याला," धैर्यशील वैतागले. "चढताना काही झालं नाही, उतरताना काय होतंय? आणि शिडी चांगली आहे. तुमचाच रिपोर्ट आहे." मग वर बघून त्यांनी हात हलवला. "ये रे सम्राट, ये खाली. जेवून घे."

भट्टीवरचे आठ-दहा कामगार गोळा झाले होते. मी हंबीररावांच्या शेजारी उभी होते आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. चौदा वर्षांची क्लायंट, असं आलं. मी त्यांची बाही धरून कुजबुजले, "बाजूला घेऊन सांगा."

त्यांनी बाही सोडवून घेतली.

"साहेब, त्यो रिपोर्ट खोटा हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी वर गेलोच न्हवतो. तुमच्या कॅन्टीनमधी बसून लिवलाय. शिडी सुटलीया. त्याला उतरू देऊ नगा."

वर सम्राटचा अर्धा भार अजून शिडीवर होता. शिडी कुरकुरली आणि वीतभर चिमणीपासून लांब आली. दुसऱ्या पट्टीचा एक बोल्ट खालच्या पत्र्यावर आपटला आणि गडगडत पन्हाळीत गेला. सम्राटनं पाय वर ओढला, हूक सोडवला, मटकन खाली बसला आणि कठड्याला मिठी मारली.

शेजारच्या कारखान्यातून पाळणा असलेली मोठी क्रेन यायला दीड तास लागला. तेवढा वेळ हंबीरराव चिमणीच्या बुडाशी उन्हात उभे होते. सावलीत या म्हटलं, आले नाहीत. मधे मला दादांचा फोन आला. त्यांना धैर्यशीलनी कळवलं होतं. "अनुजा, त्याला म्हणावं तोंड बंद ठेव. मी येतोय," दादा म्हणाले. मी तो निरोप दिला नाही.

"खाली बगू नगंस," हंबीरराव वर तोंड करून सांगत होते. "समोर जोतिबाचा डोंगर दिसतोय का?"

"दिसतोय."

"त्याच्यावरच नजर ठेव. मी एकोणीस वर्सं त्येच केलंय."

थोड्या वेळानं वरून सम्राटचा आवाज आला, आता पार बारीक झालेला. "मला कधी भ्या वाटलं न्हवतं, मामा. तुम्ही सांगितल्यापास्नं हात थरथराय लागल्यात."

"चांगलं हाय की. भ्यालेला माणूस घट्ट धरून बसतोय." हे सांगणारा माणूस खाली जमिनीवर उभा राहूनही शिडीचा पाया दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. मला ते दिसत होतं आणि रडू आवरत नव्हतं.

पाळणा खाली टेकला तेव्हा सम्राट आपल्या पायांनी उतरला आणि चार पावलांवर जमिनीवरच बसला. पस्तिशीचा असेल. कोपरापर्यंत लाल रंग. हंबीररावांनी त्याला पाण्याचा जग नेऊन दिला आणि खाली मान घालून पुढ्यात उभे राहिले. त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं ते नंतर मला म्हणाले.

सम्राटनं मारलं नाही. शिवीही दिली नाही. जग अर्धा रिकामा केला, तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्या मी हायवेच्या पलीकडं हाय, बिस्किटाच्या कारखान्यात. तिथल्या शिडीचा बी कागद हाय म्हणत्यात. त्यो कुणाचा?"

हंबीररावांनी माझ्याकडं बघितलं. तो कागद गेल्याच महिन्यात मी केला होता. तारीख बदलून.

"आमचाच," मी म्हणाले.

मी मोबाइलवर वर्षभराच्या रिपोर्टांची यादी उघडली आणि हंबीररावांसमोर धरली. सव्वीस कारखाने होते आणि सव्वीस शेवटच्या पानांवर तोच एक शब्द होता.

"यातल्या किती चढलाय?"

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून. बोटानं एकेक नाव दाबून बघत होते.

"नऊ," ते म्हणाले.

बाकीच्या सतरा चिमण्यांवर त्या घटकेला कोण चढलं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. हंबीररावांनी खिशातून आपला फोन काढला आणि मी त्यांना पहिला नंबर सांगायला लागले.