पॅराशूटवाले गफ्फारचाचा

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल गफ्फार यांच्या दुकानावर पाटी होती : 'ताडपत्री, तंबू व पॅराशूटची कामे होतील'. आता हे पॅराशूट म्हणजे पॅराशूटचं कापड, ज्याच्या थैल्या, दप्तरं आणि स्कूटरची कव्हरं शिवतात ते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अडतीस वर्षं मशीन चालवणाऱ्या चाचांनी खरं पॅराशूट पाहिलं होतं ते टीव्हीवर. म्हणून २००६ च्या जानेवारीत सुगत दोन खरीखुरी पॅराशूटं घेऊन दुकानात आला, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगा दप्तरंच दुरुस्तीला घेऊन आला.

सुगत हा देवमन कंडक्टरचा मुलगा. वाढला याच गल्लीत, आता अमरावतीला पाटबंधारे खात्यात कारकून. दर रविवारी तो गावाबाहेरच्या धावपट्टीवर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकत होता. चाचांना आधी हेच पचेना. इंजिन नाही तर चालतं कशावर? हवेवर. आणि हवेतच काही मोडलं तर? त्यासाठीच हे, म्हणून सुगतने पुडकी पुढे केली. हे पाठीला बांधायचं, वेळ आलीच तर उडी मारून छातीवरची मूठ ओढायची, की पुडकं उघडतं. दोन्ही वापरलेली होती, एका बंद पडलेल्या क्लबातून आलेली. त्यातलं एक ठेवायचं, एक परत करायचं, आणि कोणतं ठेवायचं ते चाचांनी पारखून सांगायचं. येत्या रविवारी सुगत पहिल्यांदा एकट्याने उडणार होता.

खरं तर चाचांनी तिथेच हात जोडायला हवे होते. पण सुगतने पाचवीपासून बारावीपर्यंत वापरलेलं दप्तर त्यांनी शिवलेलं. पुढे त्याच्या आईने, भागीरथाबाईने, त्यातच गहू भरून ठेवले, तरी ते कुठे उसवलं नाही. पोराला याहून मोठा दाखला नको होता. आणि चाचांना एक खोड होती : 'येत नाही' हे शब्द त्यांनी गिऱ्हाइकासमोर कधी उच्चारलेच नव्हते. शनिवारी ये म्हणाले.

नेहमीचं काम तसंही आटलं होतं. कापसाच्या गाड्या झाकायला ताडपत्री मागणारा माणूस त्या वर्षी दुकानाकडे फिरकत नव्हता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी सांत्वनाला येणाऱ्या पुढाऱ्यांचे मांडव मात्र शिवून शिवून बोटं दुखत. वऱ्हाडात आता पीक सोडून सगळ्यांवर सावली आहे, असं चाचा चिडून म्हणायचे.

तीन दिवस ते त्या पुडक्यांभोवती घुटमळले. एक निळं, झगझगीत, नव्या नवरीसारखं. दुसरं खाकी, मळकं, निळ्यापेक्षा सहा वर्षांनी जुनं. आतलं कापड पाहावं तर पुडकं उघडायचं नाही, अशी सुगतची ताकीद. न उघडता कापडाचा भाव काय कळणार? सकाळी त्यांना निळं बरं वाटे, दुपारी खाकी, आणि जेवताना दोन्ही परत करावीत असं वाटे. चाचांची बायको बिस्मिल्लाबी वैतागून म्हणाल्या, "उड़ने का शौक उसका और नींद हमारी गई. ये कैसा काम लिया जी तुमने?"

शेवटी हातांनीच वाट दाखवली. निळ्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर त्यांनी नख ओढलं, तर नखात भुगा आला. बकलाखालचा रंग गडद, बाहेरचा फिका. म्हणजे उन्हाने खाल्लेलं नायलॉन. हे उन्हाचं खाणं चाचांना पक्कं ठाऊक होतं, ताडपत्र्या अशाच मरतात. खाकीचे पट्टे मात्र चिवट होते आणि सोबतच्या कार्डावर पॅराशूटची घडी घालणाऱ्या कारागिराची महिन्याभरापूर्वीची सही होती. ठरलं, खाकी.

तेवढ्यात त्यांना खाकीवरचा तो लाल धागा दिसला. पुडक्याची झडप एका पिनेने बंद केलेली, आणि ती पिन जागेवर धरली होती कशाने, तर केसासारख्या एका धाग्याने, वर शिशाचा मणी. चाचांना रागच आला. माणसाचा जीव असल्या धाग्यावर? त्यांनी तो कापून टाकला आणि तंबूच्या कोपऱ्यांना वापरतात त्या मेण लावलेल्या दोऱ्याने पिन सात वेढे देऊन झडपेला आवळून शिवली. मन शांत झालं.

शनिवारी सुगत आला. चाचांनी आधी निळ्यातला भुगा दाखवला, मग मोठ्या अभिमानाने आपली शिलाई. सुगतचा चेहरा उतरला.

"चाचा, तो धागा तुटासाठीच असते," तो हळूच म्हणाला.

मूठ ओढली की पिन सरकते आणि धागा तुटतो. आणि तो शाबूत असला, तर पिनेला कोणी हात लावला नाही याची खूण. सुगतने दोनदा समजावलं. चाचांच्या डोक्यात काही शिरेना. तुटावा म्हणून धागा बांधतं कोण? मग एकाएकी त्यांनी ते खाकी पुडकं स्वतःच्या पाठीला चढवलं, पट्टे आवळले आणि मूठ ओढली. एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मशीनला पाय टेकवून. तूट, तूट, असं ते पुटपुटत होते. आपली शिलाई उसवावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते दुआ मागत होते. एक टाका हलला नाही.

मूठ सोडून ते सुगतकडे वळले. मग विचारलं, "मी दाखवलंच नसतं, तर तू उद्या हेच बांधून गेला असता?"

सुगत खाली पाहत म्हणाला, "उडाच्या आधी पिन पाहाले शिकवलं आहे आमाले. पन तुमी शिवलेलं मी काहून पाहू, चाचा?"

चाचा पुडक्यासकट स्टुलावर बसले. पट्टे सोडायचंही त्यांना सुचेना, डोळ्यांतून पाणी येत होतं. बिस्मिल्लाबींनी एकेक बकल काढून पुडकं उतरवलं.

"हे घडी घालनाऱ्याकडे ने," ते म्हणाले. "तो म्हनल तवाच उड. अन् इचारलं त्यानं, तर मायं नाव सांग. गफ्फारनं केलं म्हून सांग."