अर्धा व्हॉल्व्हचा, अर्धा ट्रान्झिस्टरचा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी आमच्या बेटावरच्या माएबूर्ग गावातल्या एका हॉटेलाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. विमानतळावर नोकरीला असलेल्या मामांनी गिटारचा आवाज मोठा करणारा एक अ‍ॅम्प आमच्या प्लेन मान्येन गावातल्या घरी आणला. एका परदेशी वादकाने मायदेशी परतताना तो विकायला काढला होता, आणि दोन दिवस वाजवून बघायची मुभा होती. पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा, मागे ताकदीला जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. ही असली खिचडी बघून मी नाक मुरडलं.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. गणपतीत आमच्याकडे गोल धरून झाकरी नाचतात, तिचे ते मुख्य गायक. सगळे त्यांच्या ओळीवर पाय टाकायचे. पण साखर कारखान्यात उसाच्या चिपाडाचा भुसा खाऊन त्यांची छाती धरली होती. आदल्या वर्षी लांब ओळीत मध्येच दम तुटला, नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. यापुढे आपण गाणार नाही, असं त्यांनी मंडळाला सांगून टाकलं. तेव्हापासून घरात ते गुणगुणतही नव्हते. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण त्यांच्यापुढे विषय काढायची कुणाची छाती?

मी बटण दाबलं. आवाजच नाही.

"बे, हा तर मेलेला हाय," बाबा म्हणाले.

"आतान, बाबा. थांबा जरा, व्हॉल्व्ह तापू द्या."

अर्ध्या मिनिटाने पहिला सूर निघाला आणि माझा शहाणपणा तिथेच संपला. काय आवाज होता! हळू वाजवलं तर तार न् तार वेगळी ऐकू यायची. आमच्या बँडचा अ‍ॅम्प मोठा केला की फाटायचा, पत्रा ओढल्यासारखा. हा मात्र जितका रेटावा तितका गोल होत होता. तार दाबून धरली की सूर लवकर विरतच नव्हता. मी वेड्यासारखा वाजवत सुटलो आणि हात आपसूक झाकरीच्या चालीवर गेले.

बाबांनी खुर्चीतूनच ओळ उचलली. लांब जागा आली आणि त्यांचा दम पुन्हा तुटला. माझं बोट त्याच सुरावर होतं. घाबरून मी ते तसंच दाबून ठेवलं. अ‍ॅम्पने सूर सोडला नाही. त्या सुराखाली बाबांनी निवांत श्वास घेतला आणि ओळ जिथे सुटली होती तिथूनच धरली.

आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती.

"आंकोर एन फ्वा," बाबा म्हणाले. पुन्हा एकदा. या वेळी त्या जागेवर ते मुद्दाम थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी सूर धरून ठेवला.

"दाजी, मग परत नेऊ का हा?" मामांनी हसत विचारलं.

"हात तर लावून बघ!"

त्या गणपतीत बाबा सगळी झाकरी गायले. मी शेजारी बसून वाजवत होतो. बोटांकडे एकदाही बघितलं नाही, नजर सारखी त्यांच्या छातीवर होती.